एक हजार रुपयांचा वाहनतळ आणि फाइलीत नसलेली अधिसूचना

पाटीवाचक (धागाकर्ता)

गावाचं नाव लिहीत नाही. ब वर्ग नगरपरिषद, म्हणजे वस्ती चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत, एवढं पुरे. इथल्या निम्म्या लोकांचं गाव असंच असेल.

सुरुवात झाली पाचशे रुपयांच्या चलानापासून. आमच्या मेन रोडला दोन वर्षांपूर्वी सम-विषम पार्किंगच्या पाट्या लागल्या. त्या दिवशी तारीख विषम आणि मी गाडी लावली समच्या बाजूला. संध्याकाळी मोबाईलवर ई-चलान. चूक माझी होती, मुकाट्याने भरलं. पण भरता भरता डोक्यात आलं की ही पाटी लावायचा हुकूम नक्की कोणाचा?

नगरपरिषदेत गेलो. "दंड पोलीस करतात, तिकडे विचारा." वाहतूक शाखेत गेलो. "पाट्या नगरपरिषदेच्या आहेत, तिकडे विचारा." परत नगरपरिषद. बांधकाम विभागातल्या एका सज्जन माणसाने शेवटी फाइल काढली. आत २०२३ चा प्रशासकीय ठराव, पाट्यांचं बिल, पट्टे मारल्याची मोजमाप पुस्तकातली नोंद, आणि जिल्ह्याला पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवलेली नक्कल. पत्राचं उत्तर नाही. अधिसूचनेची प्रत नाही. त्या माणसाने फाइल दोनदा उलटीसुलटी चाळली आणि म्हणाला, "असेल कुठेतरी."

तिथेच कळलं की दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रकाची विशेष सभा आहे. गेलो. प्रेक्षकांच्या बाकावर मी, एक वार्ताहर आणि पंख्याखाली जागा शोधणारे एक आजोबा. सभा चाळीस मिनिटं चालली. त्यातली वीसेक मिनिटं शहराच्या वेशीवरच्या स्वागत कमानीवर गेली: दगडी की आरसीसी, आणि नाव कोणाचं. पार्किंगचा विषय आलाच नाही. सभा संपल्यावर अंदाजपत्रकाचं पुस्तक चाळायला मिळालं. भांडवली खर्चात एक ओळ होती: वाहनतळ विकसित करणे, तरतूद रु. १,०००. हजारच. मी शून्यं बोटाने मोजली.

जाणकारांनी सांगावं, हजार रुपयांत काय विकसित होतं? आणि रस्त्यावर गाडी कुठे लावायची हे ठरवण्याचा अधिकार मुळात आहे कोणाचा?

खडूस

हजार रुपयांत "येथे गाडी लावू नये" एवढी एक पाटी येते. विकास झाला.

मोडीवाचक

नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरीची सगळी वर्षं गेली माझी, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. थोडं लांबण लागेल.

त्या हजार रुपयांना आम्ही टोकन तरतूद म्हणतो. ते पैसे खर्च करायचे नसतातच, लेखाशीर्ष जिवंत ठेवायचं असतं. वर्षभरात कुठून अनुदान आलं किंवा एखाद्या आमदाराने निधी दिला, तर तो जमा करून खर्ची टाकायला खातं उघडं हवं. खातं नसेल तर पुनर्विनियोजनाचा, म्हणजे पैसे एका शीर्षातून दुसऱ्यात वळवण्याचा ठराव, पुन्हा सभा. त्याऐवजी हजार टाकून ठेवायचे. तुम्ही पुस्तक नीट पाहिलं असतं तर अशा हजाराच्या पंधरा-वीस ओळी सापडल्या असत्या.

आता अंदाजपत्रक "शिलकी" असल्याची बातमी वाचली असेल. दरवर्षीच असते. त्या शिलकेत जाऊ नका. आरंभीची शिल्लक म्हणून जो आकडा दिसतो त्यात योजनांचे अखर्चित पैसे असतात, ठेकेदारांच्या अनामती असतात. पैसा बँकेत असतो, पण दुसऱ्या कामाला हात लावता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचंच घ्या, २०२१ ते २६. दहा लाखांपेक्षा लहान शहरांना जो निधी आला त्यातला ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छता-घनकचरा यांनाच. नगरोत्थान योजनेचा पैसा त्या त्या मंजूर कामाला. दलित वस्ती सुधारणेचा पैसा त्याच वस्तीत. त्याशिवाय महिला व बालकल्याण, दुर्बल घटक, दिव्यांग यांचे प्रत्येकी ५ टक्के बाजूला काढावे लागतात, आणि ते काढलेच पाहिजेत.

मग स्वतःचं म्हणून उरतं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. पूर्वी जकात होती. नाक्यावर रोज रोकड यायची, संध्याकाळी भरणा व्हायचा. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. ते बहुतेक पगारातच जातं. ते लांबलं की पगार लांबतात, मग सफाई कामगार गेटवर बसतात. अशा परिस्थितीत वाहनतळाला स्वनिधी कोण काढणार?

घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायला हवी. तिचं काय होतं ते माजी नगरसेवक कोणी असतील तर त्यांनीच सांगावं, मी पेन्शनवर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मोडीवाचक काका, एक नंबर. आमच्याकडे अनामतीतूनच बिलं काढली होती एका सालात, अन् ठेकेदार अनामत मागायला आला तं तिजोरीत खडखडाट.

पाटीवाचकभाऊ, तुमचं गाव बरं आहे, उलटीसुलटी करायला फाइल तरी हाये.

माजी_प्रभाग९

पाटीवाचक, कमानीवरून गाव ओळखलं बरं का. मीही नाव लिहीत नाही.

२०१६ ते २०२१ अखेर मी त्या सभागृहात होतो, यंदा उभा राहिलो नाही. आकारणीबद्दल विचारलंत तर सरळ सांगतो. फेरआकारणीच्या नोटिसा निघाल्या की चार दिवसांत प्रत्येक नगरसेवकाच्या दारात चपलांचा ढीग लागतो. मग सभेत एकमुखी ठराव होतो की वाढ स्थगित करावी. ठराव कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली तो तहकूब केला की आम्ही लोकांना सांगायला मोकळे, "आम्ही केलं होतं, वरून अडवलं." मीही हात वर केलेला आहे, नाकारत नाही.

आता पार्किंग. लोकांना वाटतं नगरसेवकांना वाहतुकीत रस नाही. असं नसतं. पण ज्या रस्त्यावर पार्किंग बंद करा म्हणावं, तो कोणाच्या ना कोणाच्या प्रभागात असतो. सम-विषमचा विषय आमच्या काळात दोनदा अजेंड्यावर आला आणि दोन्ही वेळा "सर्वानुमते पुढील सभेत घेण्याचे ठरले". शेवटी सभागृहाची मुदत संपल्यावर सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी एका सहीत केला. प्रशासक असताना ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. सूचक-अनुमोदक नाही, चर्चा नाही.

तिसरा_मजला

प्रशासकांच्या काळात निदान झाला तरी! चार वर्षं सभागृह नव्हतं तर आमच्याकडे रस्ते वेळेत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि पहिल्याच सभेत खुर्च्यांच्या रांगेवरून वाद.

माजी_प्रभाग९

झटपट झाला म्हणूनच तर अधिसूचना राहिली ना? सभागृहात विरोधकाने उठून "परवानगी आली का?" एवढं विचारलं असतं तरी फाइल हलली असती. विरोधक त्रास देतात, पण कधी कधी नेमका तोच त्रास लागतो.

काळाकोट_तालुका

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहितो.

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे देता येतील असे १८ विषय आहेत. सतराव्या नोंदीत दिवाबत्ती, बसथांबे, सार्वजनिक सोयी यांच्या ओळीत वाहनतळही आहे. म्हणजे वाहनतळ उभारणं, त्याचा ठेका देणं हे नगरपरिषदेचं काम. पण हे मोकळ्या जागेवरच्या वाहनतळाबद्दल झालं.

चालू रस्त्यावर गाडी कुठे थांबवावी, हा मोटार वाहन कायद्याचा विषय. १९८८ च्या कायद्यात कलम ११७ आहे: वाहनं उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो, आणि त्या भागातल्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो. शब्द नीट बघा. नगरपरिषदेशी सल्लामसलत करायची आहे, नगरपरिषदेने ठरवायचं नाही. रहदारीवर बंधनं घालायची असतील तर कलम ११५, शिवाय १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम ३३. जिल्ह्याच्या गावी ही अधिसूचना साधारणपणे पोलिसांचा अभिप्राय घेऊन जिल्हाधिकारी कचेरीतून निघते.

थोडक्यात, पाटीचा खांब नगरपरिषदेचा, पाटीवरचा हुकूम जिल्ह्याचा आणि पाचशेचा दंड पोलिसांचा. तिघांपैकी एकाचा कागद नसेल तर चलानाला आव्हान देता येतं. पाटीवाचक, तुम्ही भरायची घाई केलीत.

पाटीवाचक

वकीलसाहेब, पाचशे रुपयांसाठी तारखा घेण्यापेक्षा इथे धागा काढणं स्वस्त पडलं.

गल्ला

माझं त्याच मेन रोडला कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पाटीवाचक, तुम्ही अधिसूचना शोधताय, शोधा. पण ती मिळाली की नगरपरिषद लगेच पे अँड पार्कचा ठेका काढेल, हे आमच्या व्यापारी संघटनेत सगळे धरून चाललेत. गिऱ्हाइकाला तासाला दहा-वीस रुपये पडायला लागले की तो बायपासच्या मॉलला जाणार. तिथे फुकट आहे. सणाच्या तोंडावर आम्ही वर्षाची कमाई करतो. नियम करणाऱ्यांनी एकदा गल्ल्यावर बसून बघावं.

चालती

गल्ला, मला तुमच्या दुकानात यायचंय हो, पण पोचताच येत नाही. आई वॉकर घेऊन चालते. बँकेपासून तुमच्या लायनीपर्यंत फुटपाथ आहे, कागदावर. प्रत्यक्षात त्यावर आधी बाइक, मग दुकानाबाहेर काढलेले पुतळे, मग जनरेटर. आम्ही रस्त्यावर उतरतो, मागून रिक्षा हॉर्न मारते. या आख्ख्या धाग्यात गाडीवाल्यांनी गाडी कुठे लावायची एवढंच चाललंय. चालणाऱ्यांसाठी अंदाजपत्रकात किती हजारांची ओळ आहे?

पाटीवाचक

चालती, शोधली. फुटपाथ दुरुस्ती वेगळी ओळ नाही, "रस्ते व गटार" यात धरली असावी.

गल्ला यांचं वाचून शनिवारी एक उद्योग केला. चौकातल्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. चौक ते बँक एवढाच तुकडा, फक्त उजवी बाजू. सकाळी साडेनऊला, दुकानांची शटरं उघडत असताना, तिथे ३२ दुचाकी आणि ७ कार. प्रत्येकीचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले. दुपारी एक वाजता पुन्हा फेरी मारली. त्या ३९ पैकी २६ जागच्या जागी. चार वाजता २४.

गिऱ्हाईक साडेसहा तास कापड बघत नाही. ती वाहनं दुकानदारांची, दुकानातल्या पोरांची, बँकेतल्या आणि वरच्या क्लासमधल्या लोकांची. गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही ती मॉलमुळे नाही. आपणच सकाळी येऊन अडवतो. त्या सातातली एक पांढरी कार बोनेटवर ऊन नको म्हणून पुठ्ठा लावून ठेवलेली होती, सकाळी होती आणि निघताना पण होती.

खडूस

पुठ्ठ्यावर साड्यांच्या कंपनीचं नाव होतं का? सहज विचारतोय.

गल्ला

होतं. माझीच आहे. दुसरीकडे लावू कुठे, ते सांगा मग.

तिसरा_मजला

आता खरा मुद्दा आला. मी आर्किटेक्ट आहे, नकाशे मंजूर करून घेणं हेच माझं काम.

बसस्टँडमागचा जो प्लॉट आहे, जिथे आता तीन मजली कॉम्प्लेक्स उभं आहे, तो विकास आराखड्यात वाहनतळासाठी आरक्षित होता. (हो, मीही त्याच गावचा. एवढे जमलोत तर स्नेहमेळावा घेऊ.) आराखड्यात आरक्षण टाकायला पैसे लागत नाहीत, फक्त रंगाची पेन्सिल लागते. जमीन घ्यायला पैसे लागतात. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मालकाने नोटीस दिली. नगरपरिषदेने ठराव केला की शासनाकडे निधी मागावा. शासनाने स्वनिधीतून घ्या म्हणून कळवलं. २४ महिने संपले. मालकाची यात काही चूक नाही, दहा वर्षं त्याची जमीन अडकूनच पडली होती.

मोबदला पैशातच द्यावा असं नाही, टीडीआर देता येतो, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. पण टीडीआर विकला जायला बाजारात मागणी लागते. आमच्या गावात जिथे अजून तीन मजल्यांवर कोणी जात नाही तिथे मालक कागदाचा टीडीआर घेऊन काय करणार?

दुसरी गोष्ट जास्त बोचते. त्या कॉम्प्लेक्सला तळमजल्यावर पार्किंग मंजूर आहे. नियमावलीत एका कारला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका कारच्या जागेत सहा दुचाकी, हे गणित गावाने लक्षात ठेवावं. मंजूर नकाशात तिथे कार आणि दुचाकींचे चौकोन आहेत. आज जाऊन बघा, मोबाईलची दोन दुकानं, एक लॅब, शटर लावून. पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. इथे तर पार्किंगच नाहीसं केलंय. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, घेतलं त्या दिवशी मात्र शटरं नव्हती.

चालती

त्याच्यावर घरपट्टी दुकानाची लागते का पार्किंगची?

मोडीवाचक

प्रश्न अचूक. दुकानाची लागते, दरही व्यापारी. कर विभाग प्रत्यक्ष वापर बघून आकारणी करतो, बांधकाम विभाग नकाशा बघतो, आणि हे दोन विभाग एकाच मजल्यावर समोरासमोर बसतात. कर आकारला म्हणून बेकायदा काम कायदेशीर ठरत नाही, पण कर विभागाला ती शटरं बंद झालेली परवडत नाहीत. वसुलीचं उद्दिष्ट असतं हो डोक्यावर.

गावात कोणी आकारणी रजिस्टर आणि मंजूर नकाशे शेजारी ठेवून बघितले, तर वाहनतळासाठी एक गुंठाही विकत न घेता बरीच जागा मोकळी होईल. पण ते करणाऱ्याची बदली आधी होते.

लेंगा_टोपी

सगळं ठीक, पण हातगाड्यांचं काय? अर्धा रस्ता त्यांनीच खाल्लाय. त्या हटवा, पार्किंगच पार्किंग.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, हातगाडी लगेच दिसते, ढकलली की हलते, म्हणून सगळे तिच्यावर घसरतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण पूर्ण होईस्तोवर उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के फेरीवालेच लागतात. समितीनं फेरीवाला क्षेत्र ठरवून पट्टे मारले असते तं गाडी कुठं लागते अन् भाजी कुठं बसते हे एकाच नकाशात दिसलं असतं.

अन् पाटीवाचकभाऊच्या वहीत हातगाडी एकही नव्हती. ३९ वाहनं होती.

लेंगा_टोपी

बरं.

गल्ला

माझा पुठ्ठा गाजला, आता बोलणं भाग आहे. काल संघटनेच्या बैठकीत वहीतले आकडे वाचून दाखवले. आधी गोंधळ, मग दोघातिघांनी कबूल केलं. ठरलं असं की मालकांच्या आणि कामगारांच्या गाड्या शाळेच्या मैदानाच्या बाजूच्या बोळात लावायच्या, पाच मिनिटं चालत. मी स्वतः सोमवारपासून लावतोय. पाळतील किती जण, देव जाणे. पण पे अँड पार्कला माझा विरोध कायम आहे, हे लिहून ठेवा. पैसे घेणार नगरपरिषद, जाणार जनरल फंडात, आणि फुटपाथ तसाच.

काळाकोट_तालुका

ठेका इतका सोपाही नाही. रस्त्यावर शुल्क घ्यायचं तर आधी अधिकृत जागा हवी, म्हणजे पुन्हा तीच अधिसूचना. शिवाय उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे नियम, करायचे तर मसुदा प्रसिद्ध करा, हरकती मागवा, सभेची मंजुरी, मग वरची मंजुरी. हरकतीची जाहिरात येते त्या दिवशी कोणी वाचत नाही, आणि पावतीपुस्तकवाला दारात आला की सगळे विचारतात, आम्हाला का नाही विचारलं. तुम्हाला त्या पैशाचा वेगळा हिशेब हवा असेल तर हरकतीच्या मुदतीत लेखी मागा. नंतर आरडाओरडा करून उपयोग नाही.

मोडीवाचक

आणि मागताना "स्वतंत्र लेखाशीर्ष" असा शब्द वापरा. "पैसे रस्त्यासाठीच वापरा" असं लिहिलंत तर अर्ज दप्तरी दाखल होतो.

तिसरा_मजला

अवांतर: परिवहन खात्याने २०२५ मध्ये बोलून दाखवलं होतं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नवी कार नोंदवू नये. जपानात हे १९६२ च्या कायद्यापासून आहे. आपल्याकडे आलं तर दाखला देणार नगरपरिषद.

खडूस

पहिला दाखला त्या मोबाईलच्या दुकानांना मिळेल. पार्किंग आहेच मंजूर त्यांच्याकडे.

पाटीवाचक

बरेच दिवस धागा शांत होता. ताजी खबर.

मी आणि गल्ला दोघं मिळून नगरपरिषदेत गेलो. व्यापारी सोबत असला की खुर्ची मिळते, हा पहिला शोध. मोडीवाचक काकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं होतं की फाइलीत कागद नसेल तर आवक रजिस्टर बघा, म्हणून तेच मागितलं. २०२३ चं रजिस्टर कपाटावरून उतरवलं, धूळ गल्लाच्या पांढऱ्या शर्टावर. पानं उलटत गेलो आणि सापडली नोंद! जिल्ह्याकडून उत्तर आलं होतं, पाट्या लागायच्या आधीच. शेऱ्याच्या रकान्यात "बांधकाम" ऐवजी "आरोग्य" लिहिलेलं. पत्र आरोग्य विभागाच्या संकीर्ण फाइलीत, डास फवारणीच्या परिपत्रकाखाली, कोणीही न उघडता पडून होतं.

पत्रात नकार नाही. साधी त्रुटी काढली आहे. कुठपासून कुठपर्यंत पार्किंग, त्याचा नकाशा जोडा, आणि ठिकठिकाणी रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी लिहा. संपलं. त्या दोन ओळींचं उत्तर गेलं नाही म्हणून आमच्या गावात एवढे दिवस बिनहुकमाचं सम-विषम चाललंय.

बांधकामचे साहेब म्हणाले, माणूस कमी आहे, मोजणी कोण करणार. गल्ला म्हणाला, कापड मोजायची सवय आहे, आम्ही करतो, तुम्ही तपासून सही करा. रविवारी सकाळी सहाला तीस मीटरचा टेप घेऊन निघालो. तिसरा_मजला आले होते, कागदावर काढत होते. चालती आणि त्यांच्या आईपण आल्या. वॉकर जिथे अडेल तिथे आई थांबायच्या आणि आम्ही तिथे खडूची खूण करायचो. एकूण अकरा खुणा.

रुंदी अशी: बँकेसमोर ११.४ मीटर. चौकात १२.१. गल्लाच्या दुकानासमोर १०.६, पायऱ्या धरल्या नाहीत तर. पुढे वेशीकडे रस्ता निमुळता होतो, ९.२. आणि वेशीवर कमानीच्या खांबांसाठी दोन्ही बाजूंना फक्कीने चौकोन आखून ठेवलेत. त्यांच्या मधून टेप धरला तर ६.८.

आता अडचण अशी की नकाशात वेशीपाशी आज आहे ती रुंदी लिहायची, का कमान झाल्यावर उरेल ती? आजची लिहिली तर तिथेही पार्किंग मंजूर होईल, आणि कमान झाली की त्या ६.८ मध्ये एसटी, गाड्या आणि चालतींच्या आई. कमानीची लिहिली तर फाइल बघून सभागृहात बोंब होणार. माजी_प्रभाग९, तुम्हीच सांगा.

माजी_प्रभाग९

कमानीची लिहा. २०२१ च्या मूळ ठरावाचा अनुमोदक मीच आहे. तेव्हा रुंदी कोणी मोजली नव्हती. बोंब झाली तर माझं नाव सांगा, पुढच्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर येतो. पंख्याखालची जागा धरून ठेवा.